चौथी ते सातवीच्या मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक कसं निवडावं

पाठीवर 'संस्कारक्षम' छापलेलं पुस्तक आधी परत फळीवर ठेवा. उपदेश शाळेत भरपूर मिळतो. या वयाला गोष्ट लागते.

लगेच विकत घेऊ नका. साताऱ्याकडचे असाल तर पोराला पाचगणीजवळच्या भिलारला न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. बसू द्या, चाळू द्या, कुठं रमतंय ते लांबून बघा. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, ते घरबसल्या उघडा.

खरं घोडं अडतं ते इंग्रजी माध्यमाच्या पोरांपाशी. घरात मराठीतच भांडतात, पण 'स्वातंत्र्य', 'उद्ध्वस्त' असलं काही आलं की गाडी थांबते. वाचनाचा वेग दुसरीचा, आवड सहावीची. दुकानदार मग ससा-कासवाचं चित्रमय पुस्तक काढून देतो आणि अकरा वर्षांचं पोरगं ते हातात धरायलाही तयार होत नाही. आईवडील दुसरं टोक गाठतात, बारीक टायपातली जाडजूड कादंबरी आणतात आणि वर ऐकवतात, "तुझ्या वयात आम्ही असली दहा वाचली होती." हे वाक्य घरात बंद करा.

कव्हरवरच्या वयोगटाकडे बघू नका, नायकाचं वय बघा. तो वाचणाऱ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा हवा; धाकट्याची गोष्ट या वयात कुणी वाचत नाही. प्रकरणं चार-पाच पानांची, संवाद भरपूर, अक्षर ठसठशीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जुना म्हणून टाळू नका, तो याच मापाचा आहे.

मग मधलंच एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. पाचापेक्षा जास्त शब्दांना अडलं तर ते पुस्तक वर्षभरानं. वाचताना उच्चार सुधारायला जाल तर तिथंच संपलं, गप्प बसा. पहिलं प्रकरण तुम्हीच वाचून दाखवा आणि ऐन रंगात आल्यावर "कुकर लावायचाय" म्हणून उठा.

गोष्टीत मरण आहे, भांडण आहे म्हणून पुस्तक नाकारायचं कारण नाही. शेवटची दहा पानं तेवढी आधी वाचून घ्या: गोष्टीतलं पोरगं एकटं, निराधार सुटत असेल तर थांबा.

अर्ध्यात टाकलं तर बदलून आणा. वाचनालयाची वर्गणी त्यासाठीच भरायची.