ग्रामसभेला जाताय? अर्ज आधी द्या

गावच्या राजकारणात उतरायला निवडणूक लढवावी लागत नाही. मतदार यादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. वर्षात किमान 4 सभा घेणं ग्रामपंचायतीवर कायद्याने बंधनकारक आहे. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला किमान हजेरी, लागते 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, यातली जी संख्या कमी असेल ती. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरे निर्णय बरेचदा तिथेच उरकतात, तेव्हा तीही चुकवू नका.

नुसतं उभं राहून ओरडण्यात अर्थ नाही. सभेची नोटीस लागली की आपला विषय लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. वाडीतले पाच-सहा शेजारी सोबत न्या. (एकट्याचा आवाज चहा येईपर्यंतच टिकतो!) ठराव प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत, लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर हजेरीची सही मात्र करू नका. वर काय लिहिलं जाईल, सांगता येत नाही.

बायकांनी आधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत पाण्याचा, रेशनचा विषय मांडून घ्यावा.