हाड जुळल्यानंतर प्लेट किंवा रॉड काढायचा असेल तर

मोडलेल्या हाडात बसवलेली प्लेट किंवा रॉड हाड जुळून आल्यावर काढलाच पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि तिच्यामागे अंगात लोखंड राहू नये ही भीती असते. वस्तुतः हे साहित्य न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा टायटॅनियमचे असते आणि प्रौढ व्यक्तीला त्याचा त्रास नसेल तर ते आयुष्यभर आत राहिले तरी चालते. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी आपल्याकडे ते काढण्याचे कारण आहे का, हे पाहावे.

संसर्ग झाला असेल, स्क्रू सैल होऊन बाहेर सरकत असेल, किंवा घोटा, कोपराचे टोक, गुडघ्याची वाटी अशा कमी मांसाच्या जागी धातू त्वचेखाली टोचत असून बूट घालणे वा गुडघे टेकणे अवघड होत असेल, तर कारण पुरेसे आहे. मुलांच्या बाबतीत हाड वाढत असल्यामुळे प्लेट हाडाखाली गाडली जाण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्यात ती काढण्याचा सल्ला अधिक वेळा दिला जातो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाय ठणकतो एवढेच कारण असेल तर मात्र थोडे थांबावे, कारण ती वेदना धातूचीच असते असे नाही आणि धातू काढल्यावर ती जाईलच याची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

बाहेर टोक असलेल्या बारीक तारा साधारण 4 ते 6 आठवड्यांत बाह्यरुग्ण विभागातच काढल्या जातात. प्लेटसाठी सामान्यतः वर्ष ते दीड वर्ष आणि मांडीच्या हाडातील रॉडसाठी दीड ते दोन वर्षे थांबतात. ही कालमर्यादा ढोबळ आहे. खरा निकष दोन बाजूंनी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड भरून आलेले दिसणे हा आहे आणि शंका राहिल्यास सीटी स्कॅन करतात. कोपर ते मनगट या भागातील दोन्ही हाडांच्या प्लेट काढण्याची घाई विशेषतः करू नये, कारण तेथे हाड पुन्हा मोडण्याचा आणि मज्जातंतूला इजा होण्याचा धोका असतो.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद. छिंदवाडा, गोंदिया किंवा भंडाऱ्याला ऑपरेशन झालेला रुग्ण नागपूरला येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा फक्त जुना एक्स-रे असतो. स्क्रूच्या डोक्याचा खाचा निरनिराळ्या आकारांचा असतो; उदाहरणार्थ, 3.5 मिलिमीटरच्या नेहमीच्या षट्कोनी खाचेच्या स्क्रूला 2.5 मिलिमीटरचा पेचकस लागतो, तर 4.5 मिलिमीटरच्या स्क्रूला 3.5 मिलिमीटरचा, आणि काहींना चांदणीच्या आकाराचा. पेचकस जुळला नाही तर खाचा झिजतो आणि अर्ध्या तासाचे काम दोन तासांवर जाते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचे (बसवलेल्या साहित्याचे) स्टिकर फाइलमधून शोधून काढावे, नसल्यास जुन्या रुग्णालयातून मागून घ्यावे. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू, म्हणजे ज्यांचे डोके प्लेटमध्येच आट्यांनी घट्ट बसते असे स्क्रू, कधीकधी प्लेटमध्येच जाम होतात, तेव्हा तुटलेले स्क्रू काढण्याचा संच आधीच मागवून ठेवला आहे का, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. एखादा तुकडा काढताना हाडाचे अधिक नुकसान होणार असेल तर तो आतच ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि ही शक्यता संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावी.

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत जायचे असल्यास हे नियोजित ऑपरेशन आहे, तातडीचे नाही, हे ध्यानात ठेवून अपघाताच्या रुग्णांमुळे तारीख पुढे जाऊ शकते याची तयारी ठेवावी. धंतोली किंवा रामदासपेठेतील खासगी रुग्णालयात खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. शासकीय योजनेचा लाभ मिळतो का, हे योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेबाबत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, आधी विचारावे. मला विचाराल तर मे महिना टाळावा, कारण नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात घामाने पट्टी ओली राहते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. घन आहार साधारण 6 तास आणि पाणी 2 तास आधी थांबवायला सांगतात, तरी आपल्याला दिलेली सूचनाच अंतिम मानावी.

टाके 10 ते 14 दिवसांत निघतात. स्क्रूची छिद्रे भरायला मात्र काही महिने लागतात आणि तोवर हाड त्या जागी कमजोर असते. पायावर भार लगेच देता येतो की कुबडी लागेल, हे जागा पाहून डॉक्टर ठरवतात. खेळ, धावणे आणि जड ओझे उचलणे 3 ते 4 महिने टाळावे. ताप, पू, वाढती सूज किंवा बोटांत बधिरपणा आल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालयात जावे.