दोन क्रूझ जहाजांची तुलना: बुकिंगआधी काय तपासायचं

आधी गर्दीचा हिशोब करा. जहाजाच्या माहितीत दिलेलं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, आतल्या एकूण जागेचं माप. त्याला प्रवासीसंख्येने भागा. ही संख्या एका केबिनमध्ये दोघे धरूनच घ्या. एका जहाजाची अशी आणि दुसऱ्याची कमाल क्षमता घेतली, तर तुलना फसते. ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज 2,48,663 आणि प्रवासी 5,610, म्हणजे गुणोत्तर साधारण 44. तिशीच्या आत आलं तर जेवणाला आणि लिफ्टला रांगा धरून चाला. चाळिशीच्या पुढे मोकळं वाटतं. मात्र शाळांच्या सुट्टीत तिसरी-चौथी खाटही भरते, तेव्हा चांगला आकडाही अपुरा पडतो.

मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. केबिन निवडताना तिच्या वरचा आणि खालचा मजला जरूर बघा. वर पूल किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ठोके. दोन्हीकडे केबिनच असलेला मजला उत्तम. बोट लागत असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी. स्वस्त खिडकीसमोर लाइफबोट तर नाही ना, तेही पाहा.

जहाज कधी बांधलं यापेक्षा शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते महत्त्वाचं.

भाड्यात बंदर शुल्क, टिप, वायफाय, पेयं मिळवून दोन्हींची दररोजची माणशी रक्कम काढा. जाहिरातीतल्या आकड्यावर निर्णय घेऊच नका.