टोकन देण्याआधी: पिंपरीत जुळणी झालेली '१२४' मर्सिडीज कमी पैशांत घेताना

सगळ्यात आधी पैशांचे दोन ढीग करा. समजा, तुमच्याकडे सगळे मिळून सहा लाख आहेत. मग गाडी शोधायची ती साडेतीन लाखांच्या आतली. उरलेले अडीच लाख वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्यावर घरातलं कोणीतरी खमकं माणूस पहारेकरी नेमा. सहाच्या सहा लाख गाडीत घालणारा माणूस पहिल्या मोठ्या दुरुस्तीला थकतो आणि गाडी विकायला काढतो. आपल्याला जाहिरातीत भेटतो तो बहुतेक वेळा हाच माणूस. म्हणून विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत चार टायर, एसी आणि सस्पेन्शनचे रबर मनातल्या मनात मिळवूनच पुढे बोलायची सवय लावून घ्या.

मग गाडी कोणती हे पक्कं करा. 'एखादी जुनी मर्सिडीज' म्हणून फिरलात तर वर्ष जाईल आणि शेवटी जी चकचकीत दिसेल ती गळ्यात पडेल. माझं मत १२४ मालिकेला, म्हणजे ई क्लासच्या एका जुन्या पिढीला. जर्मनीत ती १९८४च्या अखेरीस आली, ब्रुनो साक्को मर्सिडीजमध्ये डिझाइनचे प्रमुख असताना. आपल्याकडे १९९४ मध्ये टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) भागीदारीत मर्सिडीजची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्याच पिंपरीच्या कारखान्यात याच गाडीची जुळणी सुरू झाली, पेट्रोलची ई २२० आणि डिझेलची ई २५०. चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९चा. थोड्याच वर्षांत गोल दिव्यांच्या पुढच्या '२१०' मालिकेने तिची जागा घेतली, त्यामुळे मुळात रस्त्यावर आल्या त्याच कमी आणि धड उरल्या त्या त्याहून कमी. याच मालिकेतली ५०० ई, जिची जुळणी पोर्शेच्या कारखान्यात व्हायची, तिचे फोटो रात्री खुशाल बघा; पण तिचा आणि आपल्या सहा लाखांचा काही संबंध नाही.

पिंपरीवालीच घ्या म्हणण्याला रोकडा हिशोबही आहे. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि मग दर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०२५च्या नव्या दरांप्रमाणे वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीची ही फी १०,००० रुपये आहे, परदेशातून आयात केलेल्या चारचाकीची ८०,०००. दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच. एक पिंपरीत जुळलेली, दुसरी कोणा काकांनी आखातातून आणलेली. आरसीवर उत्पादकाचं नाव काय आहे ते वाचून घ्या. आणि 'व्हिंटेज आहे हो, सगळं माफ असतं' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. २०२१च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या पुढची गाडी, आपली जेमतेम तिशीची.

पेट्रोल की डिझेल? हात आखडता असेल तर मी डिझेल म्हणेन, वेग कमी असला तरी. पाच सिलिंडरचं ते इंजिन चढावर ट्रकवाल्याच्या सबुरीने चढतं, पण बरं ठेवलं तर थकत नाही. ई २२०चं २.२ लिटरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन शहरात जास्त गोड चालतं, पण त्याच्या दोन गोष्टी खिशाला लागतात. एक, १९९३ ते १९९५च्या सुमारास इंजिनावरच्या वायरिंगला जे आवरण वापरलं, ते उष्णतेने वाळून पापडासारखं तुटतं. इंजेक्टरजवळची एक वायर हळूच वाकवून बघा. कवच सुटलं तर सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचं आहे असं धरून भाव करा. दुसरं, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या गाडीच्या काळात ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप नव्या पेट्रोलला टिकतील असे बसवून घेणं हा पहिल्या आठवड्याचा खर्च. डिझेल घेणाऱ्याने मात्र एक लक्षात ठेवावं, ही गाडी पुढे दिल्लीकडे नेता येईल असं मनात धरू नका. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलची काय गत होते ते सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिथूनच इकडे स्वस्तात आलेल्या गाड्याही बाजारात दिसतात. तशी घेतलीत तर एनओसी आणि आपल्या राज्याचा कर हे दोन्ही किमतीत मिळवा.

गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. एरवी आपण उलटं करतो, गाडी दारात आणून मग 'कोणी चांगला माणूस आहे का' विचारत फिरतो. ज्याने १२४ उघडली आहे असा मिस्त्री पुण्या-मुंबईत अजून सापडतो. त्याला एकच प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे हाताचा व्हॅक्यूम पंप आहे का?' या गाडीत दारांचं सेंट्रल लॉकिंग हवेच्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतं, एसीच्या झडपाही त्यावरच, आणि जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांत तर किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होणंसुद्धा. ज्याच्याकडे तो पंप नाही तो तुमच्या पैशांवर शिकणार. पंप असलेल्या मिस्त्रीला पाहणीचा अख्ख्या दिवसाचा मेहनताना द्या, गाडी नापास झाली तरी द्या, म्हणजे तो पास करायच्या मोहात पडणार नाही. मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीजची रॅली होते. तिथे जाऊन मालकांशी गप्पा मारल्या की मिस्त्रीचं नाव आपोआप कळतं. लोक गाडीबद्दल कमी आणि मिस्त्रीबद्दलच जास्त बोलतात.

आता पत्रा. हा मजकूर दोनदा वाचा. इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसतो, सीटचं कापड शिवता येतं. सडलेला पत्रा मात्र परत मिळत नाही, मिळतं ते पुट्टीचं लिंपण. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो गाडी घाटावरची की किनाऱ्यावरची. सोलापूर, नाशिक, नगरकडे आयुष्य काढलेली रंग उडालेली गाडी मला वरळीच्या समुद्रासमोर उभ्या असलेल्या चकाकत्या गाडीपेक्षा केव्हाही प्रिय. सोबत घ्या एक टॉर्च, फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून, आणि खाली झोपायला जुनी चटई. दारांच्या खालच्या उंबऱ्यात जॅक लावायला चार भोकं आहेत, त्यांवर प्लास्टिकची झाकणं असतात. ती काढून आत बोट घाला. बोट कोरडं आणि स्वच्छ आलं तर गाडी बघण्यासारखी आहे. लालसर भुसा आला तर चहा घेऊन परत फिरा. बाजूला प्लास्टिकच्या ज्या रुंद पट्ट्या आहेत, त्यांच्यामागे काय चाललंय ते वरून कधीच दिसत नाही. विकणारा एक पट्टी सोडवू देतो का, हीच त्याची परीक्षा. मागच्या काचेची खालची कड, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या गालिच्याखालची जमीन, बॅटरीखालचा तवा, ही पाणी साचायची ठिकाणं. पुढचा गालिचा ओला असेल तर नाकही वापरा.

पाहणी सकाळी करा आणि आदल्या दिवशी फोन करून बजावून ठेवा, गाडी सुरू करून ठेवू नका म्हणून. मी एकदा अकरा वाजता गेलो. गाडी अर्ध्या फटक्यात सुरू झाली, मी खूश. बोनेटवर हात ठेवायचं सुचलं ते घरी पोचल्यावर. पोचल्या पोचल्या बोनेटला हात लावा, कोमट असेल तर उद्या परत या. थंड गाडीत डिझेलचा ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा आणि मग किल्ली फिरवा. धूर थोडा आला तर आला, पण निळा धूर हटत नसेल तर मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघा. पेट्रोलमध्ये इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरतंय का ते पाहा. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा. आत कूलंटऐवजी नळाचं पाणी आणि पांढरा थर दिसला तर आजवरच्या मालकांनी कुठे पैसे वाचवले ते कळलं. किल्लीने चालकाचं दार लावा, चारही दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण एकदम लागलं पाहिजे. एखादं मागे राहिलं तर कुठेतरी हवा गळते आहे. समोरच्या काचेवर एकच वायपर दिसेल, तो मोडतोड करून काढलेला नाही. फिरता फिरता तो आत-बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याचा तो नाच आणि कुरकुर पाणी मारून ऐका, कारण त्याची यंत्रणा दुरुस्त करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

एसी वेगळाच विषय. गॅस भरून 'चिल्ड आहे साहेब' म्हणणं सोपं असतं. पण आतला हवा गार करणारा इव्हॅपोरेटर गळत असेल तर तो बदलायला आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तीस वर्षांचं प्लास्टिक उतरवताना तडकतं. अर्धा तास एसी चालवून बघा, दुसऱ्या दिवशी परत बघा. दोन्ही वेळा सारखाच गार असेल तर जास्त भाव द्यायला मी तयार असतो. किलोमीटरच्या आकड्याला मात्र फार मान देऊ नका. आतलं प्लास्टिकचं बारीक चक्र तुटून तो आकडा कधीच थांबलेला असू शकतो. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड जास्त खरं बोलतात. टायरवर चार आकडे असतात, '२३१८' म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच. त्यातल्या त्यात बरी बातमी ही की साधारण १९५/६५ आर १५ हे माप कोणत्याही दुकानात मिळतं.

कागदांत गुंतण्याची एक खास तऱ्हा या गाड्यांची आहे. त्या काळी त्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर घेतल्या जायच्या, नाहीतर आजोबांच्या. कंपनीची असेल तर संचालकांचा ठराव हवा, आणि ती कंपनी अजून आहे ना तेही बघा. मालक वारले असतील तर नाव बदलायचे नेहमीचे नमुना २९ आणि ३० नव्हे, नमुना ३१ लागतो, वारसांच्या संमतीसकट. 'भाऊ अमेरिकेत आहे, सही करेल' हे वाक्य ऐकलं की सही येईपर्यंत टोकन देऊ नका. जुनं कर्ज आरसीवर लिहिलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा नमुना ३५. इंजिन आणि चेसिसचे नंबर स्वतः वाचा, फोटो काढा, आरसीशी ताडून बघा. १२४च्या आधीच्या '१२३' मालिकेत तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिच्यातल्या डिझेलच्या २४० डीचं इंजिन आणि पुण्यातल्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सचं इंजिन एकाच घराण्यातलं. अदलाबदल करायचा मोह किती सोपा ते कळलं असेल. थकलेले ई-चलन, पर्यावरण कर, नवी सुरक्षित नंबरप्लेट, पीयूसी, हे फोनवर तासाभरात बघून होतं. विम्याचं म्हणाल तर पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, तेव्हा मूल्यांकनासाठी फोटो आणि दुरुस्तीची बिलं पहिल्या दिवसापासून जपा.

सुट्या भागांची चौकशीही सौद्याआधीच. इंजिनाचे, ब्रेकचे भाग मिळतात. कंपनी आजही बऱ्याच गोष्टी मागवून देते, काही '२०२' सी क्लासशी सारख्या आहेत. अडतं ते दिव्याच्या काचा, बाजूच्या पट्ट्या, लाकडी तुकडे, बोनेटवरची चांदणी अशा दिसणाऱ्या वस्तूंवर. त्यासाठी कुर्ला आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालायची हौस असेल तर उत्तम, नाहीतर सगळे तुकडे जागेवर असलेली गाडीच घ्या, भले तिचं इंजिन मार खाल्लेलं असो.

आणि गाडी उभी कुठे करणार? ती ४.७४ मीटर लांब आणि १.७४ मीटर रुंद आहे. सोसायटीतल्या खांबांमधलं अंतर टेप लावून मोजा, दार उघडायला जागा सोडून. वर छप्पर हवं. घुशी आणि उंदरांची ये-जा असेल तर बोनेटखाली जाळी आणि रोजची नजर, कारण एका रात्रीत त्यांनी केलेली वायरिंगची तोड पुढचे दोन महिने गॅरेजमध्ये निस्तरावी लागते. हे सगळं जमलं, मिस्त्रीने मान डोलावली, पहारेकऱ्याने दुसऱ्या खात्याला हात लागू दिला नाही, की मग टोकन द्या. बँकेतूनच द्या, आणि पावतीवर चेसिस नंबर, कागद पूर्ण न झाल्यास पैसे परत मिळण्याची तारीख आणि विकणाऱ्याची सही घेऊन.