उणे पंचवीसचा दगड

अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये फिजिक्सला मला 25 पैकी 6 मिळाले. दहावीच्या पेढ्यांची चव अजून तोंडात होती, त्यामुळे घरी सांगताना जीभ उचलेना. धडा होता सरळ रेषेतली गती. 'हा तर नववीत झालाय' म्हणत सगळे पुढे पळतात, तोच.

व्याख्या तुम्हाला येतात हे धरून चालतो. मलाही येत होत्या. विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं) सदिश, म्हणजे दिशेसकट; अंतर (प्रत्यक्ष कापलेलं) अदिश, म्हणजे दिशेविना, हे झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण गणितात 'एस', म्हणजे विस्थापन, दिसला की मी डोळे झाकून अंतर टाकायचो. तिथेच मेलो.

ते गणित अजून पाठ आहे. 25 मीटर उंच गच्चीवरून दगड सरळ वर फेकला, सेकंदाला 20 मीटर वेगाने. जमिनीवर कधी पडेल? जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, 10 धरा.

वरची दिशा अधिक धरली. सुरुवातीचा वेग +20, त्वरण −10, इथवर बरोबर. मग एस = 20टी − 5टी² (टी म्हणजे वेळ) यात एस = 25 टाकलं. समीकरण झालं टी² − 4टी + 5 = 0. वर्गमुळाखाली आले उणे 4. घाबरून मी ते उणे चिन्ह खोडलं आणि 3 सेकंद उत्तर लिहून मोकळा झालो. शून्य मार्क. योग्यच होते.

आता नीट बघा, कारण इथे घाई केलीत तर वर्षभर रडाल. दगड हातातून सुटला आणि शेवटी जमिनीवर आला. जमीन हाताच्या 25 मीटर खाली. वर अधिक, म्हणजे खाली उणे. म्हणून एस = −25. मध्ये तो 20 मीटर वर गेला, थांबला, 45 मीटर खाली आला, त्याच्याशी एसला काही देणंघेणं नाही. आता टी² − 4टी − 5 = 0, आणि टी = 5 सेकंद. मी +25 लिहून विचारलं होतं की दगड हाताच्या 25 मीटर वर कधी पोचेल. तो 20 च्या वर जातच नाही! समीकरण बिचारं खरं बोलत होतं, मीच त्याचं चिन्ह खोडलं.

हे डोक्यात शिरलं ते आजीमुळे. तिचं माहेर धरणात गेलं. विस्थापित माणसाला कुणी ट्रक कुठल्या घाटाने आला ते विचारत नाही. गाव कुठून उठलं आणि कुठे बसलं, एवढंच विचारतात. 'वेग' हा शब्द मात्र आपल्याला फसवतो. रस्त्यावरच्या पाटीवर 'वेगमर्यादा' लिहिलेलं असतं, पण गाडीचा काटा दाखवतो ती चाल. दिशा त्याला कुठे ठाऊक? त्याच दगडाची सरासरी चाल 65 भागिले 5, म्हणजे 13. सरासरी वेग मात्र विस्थापनावरून, −25 भागिले 5, म्हणजे −5. पर्यायांत दोन्ही छापलेले असतात, आणि मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेत चुकलात तर एक मार्क कापला जातो.

क्लासमध्ये सांगतात, दोन तुकडे करा: वर जायला 2 सेकंद, खाली यायला 3. उत्तर येतं, नाही म्हणत नाही. पण माझ्या मते पहिल्या महिन्यात शॉर्टकट देणारे सर तुमचं नुकसान करतात. मला चिन्हं शिकवली होस्टेलच्या एका सीनियर दादाने, रात्री मेसच्या टेबलावर. तो एकच प्रश्न विचारायचा: "अधिक कुठे?"

आणखी एक घोळ आहे. 'ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणार' हे घोकलेलं विसरा. खाली येताना दगडाचा वेग −10, −20, −30 होतो. त्वरण ऋणच, तरी दगड जोरात येतोय. वेग आणि त्वरणाचं चिन्ह सारखं असेल तर चाल वाढते, उलटं असेल तर घटते.

पहिले पंधरा दिवस चिन्हं चुकतीलच, त्याने कुणी नापास होत नाही. रोज पाचच गणितं करा, पण प्रत्येकाच्या आधी समासात एक बाण काढून त्याच्या टोकाला अधिक लिहा. आणि खाली अधिक धरून हाच दगड पुन्हा सोडवून बघा: वेग −20, त्वरण +10, एस +25. पुन्हा 5 सेकंदच येतात. मला ते पहिल्यांदा आले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी रूममेटला उठवून वही दाखवली. त्याने शिवी दिली आणि कूस बदलली.