खाऱ्या पाण्याची टाकी मुरवताना: नवसागर, कोळंबी की मासा?

टाकीत पाणी भरलं, खडक रचले, पंप फिरायला लागला की दुकानदार म्हणतो, आठवडाभराने या, मासे देतो. हा आठवडा कुठून आला ते कुणी सांगत नाही. टाकी मुरली की नाही, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत ‘सायकल’ झाली की नाही, याची कसोटी एकच: २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया टाकला तर तो आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही २४ तासांत नाहीसे होतात का? होत असतील तर दहाव्या दिवशीही मासा आणता येतो. होत नसतील तर दोन महिने झाले तरी नाही.

अमोनिया माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडक, वाळू आणि फिल्टरमधला मीडिया (जिवाणूंना बसायला ठेवलेले सच्छिद्र तुकडे) यांना चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. विरजणातले जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात, म्हणून दही रात्रीत लागतं. यांना दुप्पट व्हायला बारा तास ते दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. शिवाय समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत इथे अमोनियाचा विषारी अंश दहा पटींहून जास्त असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात गप्पी जिथे तग धरतात, तिथे समुद्री मासा कल्ले जळून मरतो.

आधी पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, बोअरच्या पाण्यात क्षार आणि बऱ्याचदा नायट्रेट असतं. म्हणून आरओचंच पाणी घ्या. पण स्वयंपाकघरातला आरओ तसाच चालत नाही. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ५०-१०० दाखवतो. त्या मिसळणीच्या आधीच्या नळीतून पाणी घेऊन पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) एक टप्पा जोडा, म्हणजे टीडीएस शून्यावर येतो.

मीठ मरीन सॉल्टच हवं, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम. खाण्याच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पुरेसं नसतं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मरीन सॉल्ट दगडासारखं होतं आणि मग नीट विरघळत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाण्यात मीठ घालून पिंपात पंपाने दिवसभर घोळवा, मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास, आहे का पाहा. रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्याने शून्यावर आणलं म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्याने जुळवा.

किनाऱ्यावरून पाणी, वाळू किंवा खडक आणण्याचा मोह टाळा. मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी सांडपाण्याचं, आणि पावसाळ्यात नद्यांमुळे कोकणातही पाण्याचा खारेपणा उतरतो. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोखंडाची खनिजं असतात. टाकीला पांढरी अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू हवी. मालवणकडून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा तर गुन्हाच आहे: टणक प्रवाळ १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडा किंवा सिरॅमिक खडक घ्या. त्यात जिवाणू नसतात, पण नको असलेले किडेही नसतात.

नवसागर आणि बाटलीतले जिवाणू

एक ते तीन आठवडे दर दोन दिवसांनी टेस्ट किट घेऊन बसायची तयारी असेल तर सगळ्यांत खात्रीची पद्धत हीच. अमोनियासाठी लागतं अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच; पण बाजारातल्या वड्यांमध्ये धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पूड आणा.

१० ग्रॅम नवसागर १ लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटलीवर नाव लिहून ठेवा. १०० लिटर पाण्याला या द्रावणाचे ६३ मिली घातले की अमोनिया २ पीपीएम होतो. हिशोब टाकीच्या मापावरून नको, आतल्या खऱ्या पाण्यावरून करा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी कागदावर १९० लिटरची. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी १५० लिटरच्या आसपास भरतं, म्हणजे डोस सुमारे ९५ मिली. ‘लवकर व्हावं’ म्हणून दुप्पट-तिप्पट टाकू नका. ५ पीपीएमच्या वर नायट्राइट खाणारा गट गारठतो आणि सगळं काम लांबतं.

पहिल्या दिवशी नवसागर आणि त्याच दिवशी जिवाणूंची बाटली. बाटली घेताना लेबल वाचा. नायट्रिफाइंग जिवाणू हवेत. ‘गाळ खाणारे’ जिवाणू वेगळे, ते हे काम करत नाहीत. मे महिन्यात उन्हातल्या काचेच्या कपाटात पडून राहिलेली बाटली फुकट मिळाली तरी नको. ओतण्यापूर्वी जोरात हलवा आणि निम्मी फिल्टरच्या मीडियावर, निम्मी खडकांवर ओता. यूव्ही दिवा (पाण्यातले जंतू मारणारा) बंद, प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) ४८ तास बंद. टाकीचे दिवेही बंद ठेवा, नाहीतर जिवाणूंआधी शेवाळ जागं होईल. तापमान २६ ते २८ अंश; उन्हाळ्यात ३० झालं तरी मासे नसताना चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लावायची घाई नाही, फक्त हवा भरपूर हवी. हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप आताच घेऊन ठेवा.

दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा. ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पीपीएमपर्यंत भर घाला. नायट्राइट मात्र ५ च्या वर असेल तर थांबा, ते उतरू द्या.

आता टेस्ट किटची गंमत. अमोनियाच्या नळीत पिवळ्याचं हिरवं होतं, आणि घरातल्या पिवळसर दिव्याखाली शून्य आणि ०.२५ यांतला फरक दिसत नाही. खिडकीजवळ, मागे पांढरा कागद धरून, नळी रंगपट्टीला चिकटवून बघा. नायट्रेटचं किट याहून फसवं. ते आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मग रंग दाखवतं, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर आकडा भलताच फुगतो. २ पीपीएम अमोनिया पूर्ण रूपांतरित झाला तर नायट्रेट बनतं जेमतेम ७ पीपीएम. एकाच डोसनंतर किट ५० दाखवत असेल तर ते नायट्रेट नव्हे. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजूच नका. नायट्राइटचा रंग पट्टीच्या बाहेर गेला तर टाकीचं १ मिली पाणी ९ मिली आरओच्या पाण्यात मिसळून मोजा आणि उत्तराला दहाने गुणा.

चांगली बाटली असेल तर एक ते तीन आठवडे लागतात. नुसता कोरडा खडक आणि नवसागर, बाटली नाही, तर चार ते आठ आठवडे.

कोळंबी

बाजारातली कच्ची कोळंबी टाकीत टाकून कुजू द्यायची, ही जुनी पद्धत. चालते, पण अमोनिया किती सुटेल यावर ताबा नाही, घरभर वास, आणि वर फॉस्फेटची भर. फ्रोझन कोळंबीला बऱ्याचदा फॉस्फेटचं पाणी दिलेलं असतं, म्हणून ताजीच घ्या. १०० लिटरला मध्यम आकाराची एक पुरते. जाळीच्या पिशवीत बांधून सोडा, म्हणजे अमोनिया २-३ पीपीएम झाला की बाहेर काढता येईल.

विरजण दुसऱ्याच्या टाकीचं

ओळखीच्या कुणाकडे वर्षभर चाललेली निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मीडिया किंवा मूठभर खडक मागून आणा. ओल्या फडक्यात, त्याच खाऱ्या पाण्याने भिजवून, दोन-तीन तासांत पोहोचवा. टाकी चार-सहा दिवसांतही तयार होऊ शकते. धोका एवढाच की सोबत अॅप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येतो. त्या टाकीत गेल्या दोन-तीन महिन्यांत मासा मेला असेल तर नको.

मासा सोडून मुरवणं

पूर्वी यासाठी डॅमसेल जातीचा छोटा मासा सोडत: चिवट आणि स्वस्त. तो जगला तर पुढे सगळ्या टाकीवर दादागिरी करतो आणि खडक उपसल्याशिवाय हाती लागत नाही. तरीही मासा आधीच घरात आला असेल, तर टाकीत पैदास झालेली क्लाउनफिशची एक जोडी, त्याहून जास्त नाही. बाटलीतले जिवाणू पहिल्याच दिवशी पूर्ण डोसमध्ये. खाद्य दिवसाआड, एका मिनिटात संपेल इतकंच. अमोनिया रोज मोजायचा, ०.२५ दिसला तर खाद्य बंद, ०.५ ला निम्मं पाणी बदला. निम्मं पाणी बदलल्याने अमोनिया निम्माच होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. यासाठी ७५ लिटरचं पिंप कायम तयार हवं, खारेपणा आणि तापमान टाकीइतकंच. ऐनवेळी घाईत कालवलेलं पाणी माशाला अमोनियाइतकंच महागात पडतं. समुद्री पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून फारसं आत जात नाही. तेवढी काळजी कमी.

अडलं तर

अमोनिया उतरला आणि नायट्राइट तीन आठवडे हलत नाही, ही नेहमीची तक्रार. आधी खारेपणा आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद; तिचं माप डीकेएच) बघा. अमोनिया खाताना जिवाणू अल्कलिनिटीही खर्च करतात: २ पीपीएमच्या प्रत्येक डोसला साधारण पाऊण डीकेएच. ती ७ च्या खाली गेली असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घाला, १ डीकेएच वाढते. सोडाच, बेकिंग पावडर नाही. एवढं करूनही अडलं असेल तर कोरड्या खडकाच्या टाकीत बहुधा फॉस्फेट नसतं आणि त्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत. माशांच्या खाद्याची एक चिमूट टाका.

२ पीपीएम टाकून २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं लागोपाठ दोनदा झालं की निम्मं ते पाऊण पाणी बदला, नायट्रेट १० च्या आसपास आणा आणि दोनच मासे सोडा. मासे यायला वेळ असेल तर दर तीन दिवसांनी अर्धा पीपीएम नवसागर चालू ठेवा. पुढच्या महिन्यात वाळूवर तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर येईल. तो सायफनने ओढून घ्या. त्याच्या धसक्याने फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका. पाणी बदलताना काढलेल्या खाऱ्या पाण्यातच तो दोनदा पिळून परत लावा.