ऑफिस सोडून लेथकडे वळताना

'अभ्यासात बरा आहेस, मग हाताचं काम कशाला?' हे मला पुष्कळदा ऐकावं लागलं. डोकं ऑफिसात चालतं आणि वर्कशॉपमध्ये नुसते हात, ही त्यामागची समजूत. मी ऑफिसातही काम केलंय आणि लेथवरही, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रावर, आणि ती समजूत मला साफ चुकीची वाटते.

बेअरिंग बसवायचा शाफ्टच, म्हणजे यंत्रातला फिरता दांडाच घ्या. कट घेताना पोलाद तापतं आणि फुगतं. 50 मिमी व्यासाचा शाफ्ट 20 अंश सेल्सिअसने तापला, तर व्यास साधारण 0.012 मिमीने वाढतो. गरम असतानाच मायक्रोमीटर लावून 'साइज आली' म्हणत जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) उतरवला, तर थंड झाल्यावर तो तेवढाच बारीक भरतो आणि बेअरिंग सैल पडतं. म्हणून जाणता टर्नर (लेथ चालवणारा) शेवटच्या कटाआधी जॉब निवू देतो. आवाज बदलला, जॉबवर लाटा उमटू लागल्या, की टूल फार बाहेर आलंय, धार गेलीय की जॉबची पकड ढिली आहे, हे ताडावं लागतं. टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा आकार काढायला त्रिकोणमिती लागतेच. गणित टाळायचं म्हणून या वाटेला येऊ नका.

ऑफिसच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण तिथे माझा अहवाल बरा की वाईट, हे बहुधा कुणाच्या तरी मतावर ठरायचं. इथे साहेब कितीही खूश असले तरी सैल शाफ्ट घट्ट होत नाही. कुठे कमी पडलो ते त्याच दिवशी कळतं, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

कष्ट मात्र खरे आहेत. दिवसभर उभं राहून पाठ धरते, आवाजाने कान जातात. कानातले प्लग पहिल्या दिवसापासून वापरा. जॉब पकडून फिरवणाऱ्या चकजवळ हातमोजे नकोतच, आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही.

शिकायला जागा निवडताना पगाराआधी एक विचारा: जॉब बाद झाला की इथे काय करतात? जिथे नुसती आरडाओरड होते तिथे नको. जिथे जुनी माणसं तो जॉब हातात घेऊन नवख्यासोबत कारण शोधतात, तिथे दोन पैसे कमी मिळाले तरी राहा. पुढे सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग करायचं असेल तरीही आधी हाताने लेथ चालवा. टूल किती कट सोसेल याचा अंदाज तिथेच येतो.